बंदूक खाली करा

आमच्या कॉलनीत मला ‘बंदूकवाल्या बाई’ म्हणतात. नव्याने राहायला आलेल्यांना वाटतं, बाई निवृत्त पोलीस असाव्यात. तसं काही नाही. मी साधी अव्वल कारकून. नोकरीची शेवटची अकरा वर्षं शस्त्र परवाना शाखेत गेली, एवढंच. कुठल्या कार्यालयाच्या, ते लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात दोष कार्यालयाचा कमी आणि माझा जास्त आहे. या अकरा वर्षांत कितीतरी बंदुकांचे नंबर मी रजिस्टरात चढवले, पण एकदाही चाप ओढला नाही. बंदूक कागदावर असलेलीच बरी, कागदावर ती उडत नाही, असं मी नव्या कारकुनांना ऐटीत सांगायचे. ते चुकीचं निघालं.

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आपल्या देशात बंदूक बाळगणं हा हक्क नाही, ती सरकारने दिलेली परवानगी आहे. अर्ज करायचा, कारण लिहायचं, पोलीस चौकशी करतात, मग साहेबांची सही. कारणाच्या रकान्यात शहरातला माणूस ‘आत्मसंरक्षण’ लिहितो आणि खेड्यातला ‘पीकसंरक्षण’. मुदत संपली की नूतनीकरण. निवडणूक लागली आणि आदेश निघाला की बंदूक पोलीस ठाण्यात जमा, निकालानंतर परत. परवानाधारक वारला तर बंदूक घरात ठेवणंसुद्धा गुन्हा. हे सगळे कागद ज्या टेबलावरून जातात ते माझं टेबल.

या टेबलासमोर नमुनेदार माणसं यायची. नागपुरातल्या धरमपेठेतला एक तरुण दुकानदार पिस्तुलासाठी आला. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात दोन मोबाईल. मी विचारलं, “धोका कोणाकडून आहे?”

“अभी तो किसी से नहीं मॅडम. पण होऊ शकते ना.”

“मग झाला की या.”

तो तापला. “फ्री कंट्री हाये मॅडम. माझा जीव, माझा पैसा. अमेरिकेत लोक दुकानात जाऊन घेऊन येतेत. इथं का लोचा आहे?”

“इथे मी आहे,” मी म्हटलं. त्याचा अर्ज नामंजूर झाला. पुढे महिनाभरात त्या शहाण्याने मेहुण्याचं रिव्हॉल्व्हर हातात धरून वाढदिवसाचा फोटो मोबाईलवरून गावभर पाठवला आणि मेहुण्याचा परवानाही गेला.

दुसरी एक कामठीची बाई. नवरा वारून महिना झालेला. शेअर ऑटोत इतर सवाऱ्यांच्या मांडीला मांडी लावून ती चादरीत गुंडाळलेली दुनळी घेऊन आली होती. मी चादर सोडून बंदूक सांध्यातून उघडली. दोन्ही नळ्यांत काडतुसं! शाखेतली माणसं टेबलांमागे लपली आणि तिला मात्र कळेना, काय झालं. काडतुसं काढल्यावर मी तिला विचारलं, बंदूक मुलाच्या नावावर करायची आहे का? तर म्हणाली, “नाही वं बाई. तीस वर्षं ते खुंटीवर होती अन् मी खाटेवर. ठेवून घ्या तुमच्याजवळ. मले आता झोपू द्या.” त्या दुकानदाराला बंदूक मिळाली की मोकळं वाटणार होतं, आणि हिला ती गेल्यावर मोकळं वाटत होतं.

माझं मत म्हणाल तर मी उघडपणे त्या बाईच्या बाजूची. त्याला कारण आहे. माझ्या वडिलांच्या गावात एकच बंदूक होती आणि ती मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, ओसरीवर टांगलेली असायची. ती कधी कोणावर झाडल्याचं वडिलांना आठवत नव्हतं. गरजच पडली नाही. आमच्या वस्तीतला माणूस त्या ओसरीसमोरून जाताना मान वर करत नसे. नागपूरला दीक्षा घेऊन परतल्यावर वडील पहिल्यांदा मान वर करून तिथून गेले. त्या दिवशी आजीने चूल पेटवली नाही, इतकी ती घाबरली होती. म्हणून तसल्याच एखाद्या घराण्यातला नातू जेव्हा हातात अर्ज घेऊन माझ्यासमोर रांगेत उभा राहायचा आणि ‘मॅडम, जरा बघा ना’ म्हणायचा, तेव्हा मला जे समाधान व्हायचं ते लपवण्यात अर्थ नाही. बंदूकवाल्याला रांगेत उभा करतो तो कायदा, आणि तोच माझं स्वातंत्र्य, असं मी मानत आले. अजूनही मानते, पण आता पूर्वीइतक्या तोऱ्यात नाही.

माझं हे मत आमच्या एका परवानाधारकाला, दौलतरावांना, कधीच मान्य नसे. कळमेश्वरच्या पलीकडे त्यांची संत्र्याची बाग. वय सत्तरीच्या पुढे, डोक्याला पांढरा फेटा, आवाज खणखणीत. त्यांच्याकडे आजोबांपासून चालत आलेली ठासणीची बंदूक होती, परवाना पीकसंरक्षणाचा. रानडुकरं बागेत शिरून गळालेली फळं खातात, ठिबकच्या नळ्या फाडतात, झाडांची मुळं उकरतात. नूतनीकरणाला आले की दौलतरावांचं माझ्याशी भांडण ठरलेलं.

“बाग माही, संत्री माही, बंदूक माह्या आज्याची. मंग सरकार मधात काहून येते वं बाई?”

“बंदूक तुमची असली तरी छर्रा दुसऱ्याला लागतो, म्हणून.”

“माही बंदूक आजवर कोनाले लागली नाही. डुकराले बी नाही. मी निस्ता आवाज करतो.”

मग ते मला त्या बंदुकीचं शास्त्र समजावून सांगत. नळीत तोंडाकडून बारूद टाकायची, वर चिंधी, मग छर्रे, पुन्हा चिंधी, गजाने ठासायचं आणि शेवटी मागच्या बाजूला तांब्याची टोपी बसवायची. अशी बंदूक एकदा भरली की आतला माल बाहेर काढणं महाकठीण. म्हणून रात्रीच्या जागलीहून परतताना शेतकरी धुऱ्याकडे, म्हणजे शेताच्या बांधाकडे, तोंड करून बार काढून टाकतो आणि मगच बंदूक घरात नेतो. तिकडची ती रीतच आहे. मी हे सगळं चहा पिता पिता ऐकायचे आणि विसरायचे.

त्या वर्षी निवडणूक लागली. बंदुका जमा करण्याची मुदत संपली आणि यादीत एक नाव उरलं, दौलतराव. अंबिया बहाराची फळं झाडावर होती, तोड चालू होती आणि डुकरांनी उच्छाद मांडला होता. ठाण्यातून दोनदा निरोप गेला, दोनदा ‘आणून देतो’ असं उत्तर आलं. आमचे नवे साहेब साताऱ्याकडचे. बदलीवर येऊन तीन आठवडे झालेले. माणूस सज्जन, पण निवडणुकीच्या कामाने पिसाटलेला. ते म्हणाले, “आपणच जाऊन घेऊन येऊ. बाई, रजिस्टर घ्या.” जीपमध्ये साहेब, मी, एक हवालदार आणि ड्रायव्हर. दुपारी तीनच्या सुमारास आम्ही बागेवर पोचलो. ड्रायव्हर जीपजवळ रस्त्यावरच थांबला.

बागेच्या फाटकाशी संत्र्यांचा ढीग पडला होता. दौलतरावांची बायको, अंजनाबाई, फळं निवडत होती. तोडणीची माणसं आजूबाजूला. दौलतराव फाटकात उभे, बंदूक कोपरात अडकवलेली.

“आजोबा, मुदत संपली,” साहेब म्हणाले. “बंदूक द्या.”

“देतो न साहेब. बाग तुटली का सोता आनून देतो. आठ दिवस द्या.”

“आठ दिवस नाही, आत्ता.”

“मंग डुकरं काय तुम्ही हाकलता?”

तोडणीची माणसं फिसकन हसली. साहेबांचा चेहरा लाल झाला. हवालदार बंदूक घ्यायला पुढे सरकला तसे दौलतराव एक पाऊल मागे झाले आणि त्यांनी बंदूक दोन्ही हातांनी छातीशी आवळली. कोणावर रोखली नव्हती हे मी शपथेवर सांगेन. पण नळीचं तोंड आमच्या डोक्यांवरून फिरलं. आणि मला ती टोपी दिसली. तांब्याची, उन्हात चकाकणारी.

“साहेब, भरलेली आहे,” मी म्हटलं.

हसणं थांबलं. हात पुढे करून साहेब ओरडले, “बंदूक खाली करा!”

दौलतराव गोंधळले. “खाली करू?”

“हो! खाली करा! आत्ताच्या आत्ता!”

“इथंच?”

“खाली करा म्हणतोय ना!”

अंजनाबाई ढिगाजवळून उठून उभी राहिली. तिला नवऱ्याचा हट्ट ठाऊक होता. काकुळतीने म्हणाली, “अवो, साहेब म्हणून राहिले त करून टाका न खाली.”

दौलतरावांनी मान हलवली. धुऱ्याकडे वळले. “सरका रे,” असं तिकडच्या माणसांना म्हणाले, आणि बार काढला.

कानठळ्या बसल्या. धुराने काही दिसेना. साहेब संत्र्यांच्या ढिगावर पालथे पडले होते. धुऱ्यात एक दगड होता, त्यावरून उलटलेला एक छर्रा हवालदाराच्या पोटरीत घुसला आणि तो पाय धरून ओरडत होता. धूर विरला तसे मला दौलतराव दिसले. दोन्ही हातांवर बंदूक आडवी धरून, पाहुण्यापुढे ताट करावं तसे ते उभे होते.

“घ्या साहेब,” ते म्हणाले. “झाली खाली.”

पुढच्याच क्षणी ओरडा ऐकून धावत आलेल्या ड्रायव्हरने त्यांना जमिनीवर आडवं केलं. फेटा सुटून संत्र्यांत पडला.

पुण्या-साताऱ्याच्या वाचकांसाठी आता खुलासा करायला हवा. त्यांच्याकडे ‘खाली’ म्हणजे जमिनीच्या दिशेला. आमच्या नागपुरात ‘खाली’ म्हणजे रिकामं. आम्ही गिलास खाली करतो, भाड्याचं घर खाली करतो, बसमध्ये खाली सीट शोधतो. साहेबांनी बंदूक खाली झुकवायला सांगितली होती. दौलतरावांना ऐकू आलं, बंदूक रिकामी करा. आणि ठासणीची बंदूक रिकामी कशी करतात ते मी वर लिहिलंच आहे. साहेबांच्या लेखी त्यांच्यावर हल्ला झाला होता आणि दौलतरावांच्या लेखी त्यांनी सरकारचा हुकूम पाळला होता.

हे मला तिथल्या तिथे कळलं. धूर विरायच्या आत कळलं.

संध्याकाळी ठाण्यात जबाब घेतले गेले. हवालदार दवाखान्यात होता. तोडणीची माणसं बाहेर ओरडून सांगत होती की म्हाताऱ्याने सांगितलं तसंच केलं, पण ती आरोपीच्या गावची माणसं, त्यांचं कोण ऐकतो? राहिले मी. माझा जबाब साहेबांनीच सांगितला आणि ठाण्यातल्या कारकुनाने लिहिला. मुख्य वाक्य असं होतं: ‘साहेबांनी आरोपीस बंदूक खाली करण्यास वारंवार सांगितले असता आरोपीने बंदूक झाडली.’

तुम्हीच बघा, यात खोटा शब्द कुठे आहे? एकही नाही. ‘सरका रे’ तेवढं त्यात नव्हतं.

दौलतराव कोपऱ्यात फरशीवर बसले होते. बोडक्या डोक्याने ते मला ओळखू येत नव्हते. म्हणाले, “बाई, तुम्ही सांगा न वं.”

मी तोंड उघडलं. “साहेब, तो शब्द...”

“काय?” साहेब तिरसटपणे म्हणाले.

“काही नाही,” मी म्हटलं आणि सही केली.

गुन्हा लागला खुनाच्या प्रयत्नाचा. दौलतराव तुरुंगात गेले. मी रोज ऑफिसला जात राहिले. स्वतःला समजावत होते की कोर्ट काय ते बघेल, वकील काय ते बोलेल, आपण कारकून. आणि आज लिहायलाच बसले आहे तर हेही लिहिते, मनाच्या एका कोपऱ्यात मला बरं वाटत होतं. एक बंदूक कमी झाली, असं. त्या बरं वाटण्याची मला आज लाज वाटते. दौलतराव काही मालगुजार नव्हते. संत्री राखणारा म्हातारा होता तो.

नवव्या दिवशी अंजनाबाई माझ्या टेबलासमोर आली. बसा म्हटलं तरी बसली नाही.

“बाई, त्याईचं काय चुकलं? साहेबानं म्हटलं तसंच त केलं.”

“कोर्टात सांगा हे,” मी फायलीतून मान वर न करता म्हटलं.

“म्याच म्हटलं होतं, करून टाका खाली,” ती म्हणाली. “माह्याच तोंडानं म्हटलं.” एवढं बोलून ती गेली. त्या दिवशी मी डबा तसाच घरी परत नेला.

एकोणिसाव्या दिवशी साहेबांना कपाटावरच्या पेटीतले जुने परवाने हवे होते. ते शिपायाला म्हणाले, “ती पेटी खाली कर.” शिपाई आमचा इथलाच. तो स्टुलावर चढला, पेटीचं झाकण उघडलं आणि पेटी उलटी करून सगळे कागद वरूनच सोडून दिले. साहेबांच्या डोक्यावर, टेबलावर, चहाच्या कपात.

“अरे, खाली कर म्हणालो, ओत म्हणालो का?”

शिपाई रिकामी पेटी दाखवत म्हणाला, “खालीच त केली साहेब.”

सगळी शाखा हसली. साहेबही हसले. मग त्यांचं हसणं मधेच थांबलं. खांद्यावरचा कागद त्यांनी हळूच काढून ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

“बाई, इथे खाली म्हणजे रिकामं?”

“हो साहेब.”

“म्हणजे त्या दिवशी म्हाताऱ्याने...”

“हो.”

साहेबांनी पुढचा प्रश्न विचारू नये असं मला मनापासून वाटत होतं. त्यांनी विचारला.

“तुम्हाला तिथेच कळलं होतं?”

“हो साहेब.”

ते मला बोलले असते तर सोपं गेलं असतं. ते खुर्चीत बसले आणि स्वतःशीच म्हणाले, “एकोणीस दिवस.” मग उठले, ड्रायव्हरला हाक मारली आणि आम्ही दोघं ठाण्यात गेलो. त्यांनी पुरवणी जबाब दिला, मीही दिला. माझा मी स्वतःच्या हाताने लिहिला, ‘सरका रे’सकट. आपल्या हुकमाचा अर्थ इथे दुसरा होतो हे माहीत नव्हतं, असं साहेबांनी स्वतःच्या सहीने लिहून दिलं. एवढं करणारा अधिकारी मी तरी दुसरा पाहिला नाही, आणि त्याच माणसाला मी घाबरले होते. दौलतरावांना जामीन झाला. पुढे खुनाच्या प्रयत्नाचं कलम गेलं. मुदतीत बंदूक जमा केली नाही एवढाच गुन्हा उरला, त्याबद्दल दंड झाला आणि प्रकरण मिटलं.

माझ्या निवृत्तीला दोन महिने उरले असताना दौलतराव नूतनीकरणाचा अर्ज घेऊन आले. बंदूक अजून ठाण्यातच होती. मधल्या काळात ते खूप उतरले होते. अर्जावरची सहीची जागा त्यांना बोटाने चाचपून शोधावी लागली. मी खुर्ची दिली, चहा मागवला. माझ्या टेबलावरून साहेबांकडे जाणाऱ्या प्रत्येक अर्जावर मला शेरा लिहावा लागतो. तो लिहायला मला फार वेळ लागला. यांच्यावर मी अन्याय केला आहे, म्हणून यांना बंदूक देऊन तो फेडावा, असं मनात येत होतं. आणि ज्याला सहीची जागा दिसत नाही त्याच्या हातात भरलेली बंदूक देऊ नये, हेही तितकंच खरं होतं. शेवटी मी लिहिलं आणि, नियमात बसत नसताना, त्यांना वाचून दाखवलं.

“‘वय आणि अधू दृष्टी पाहता शिफारस नाही.’ दौलतराव, असं लिहिलं आहे मी.”

त्यांनी कप बशीत ठेवला. “म्हंजे बंदूक गेली.”

“साहेबांनी नाही म्हटलं तर अपील करता येतं. वरच्या ऑफिसात.”

“हे त तोंडावर सांगून राहिल्या तुम्ही.”

“हो.”

“मंग त्या दिशी ठान्यात काहून नाही सांगतलं वं बाई?”

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. वर्षभर मी त्याची बरीच उत्तरं तयार केली होती आणि त्यातलं एकही त्या म्हाताऱ्याला देण्यासारखं नव्हतं.

“भ्यायले होते,” मी म्हटलं.

“मले?”

“नाही. साहेबांना.”

राग नव्हता दौलतरावांच्या चेहऱ्यावर. त्यांना खरंच समजत नव्हतं.

“पन साहेबाजवळ त बंदूक नोती,” ते म्हणाले, आणि काठी घेऊन उठले, अपिलाचा कागद कुठे मिळतो ते विचारायला शेजारच्या टेबलाकडे गेले.